बाजारहत्नूरचा प्रश्न दिल्लीत कोण विचारणार?

लोकशाहीत मंत्र्याला भय कशाचे असते? मोर्चा संध्याकाळी पांगतो, निवेदन फायलीत निजते आणि शिष्टमंडळ चहा पिऊन परतते. परंतु लोकसभेत उभे राहून, नियमाचा आधार घेऊन विचारलेला आणि उत्तर पदरात पडेपर्यंत न सोडलेला एक नेमका प्रश्न मंत्र्याची झोप उडवू शकतो. सीमाभागातील मराठी माणसाने मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले. आता या तिसऱ्या हत्याराकडेही त्याने लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते.

बाजारहत्नूरचेच उदाहरण घ्या. 1956 च्या राज्यपुनर्रचना कायद्याने आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा आणि किनवट हे तालुके मुंबई राज्याला जोडले. बोथ तालुक्यातून मात्र केवळ इस्लापूर सर्कल उचलले गेले. उरलेला बोथ, आणि त्यात बाजारहत्नूर, आंध्र प्रदेशात राहिला व 2014 साली तेलंगणाच्या वाट्याला आला. कालपर्यंत एकाच तहसिलीत सारा भरणारे शेतकरी कायद्याच्या एका ओळीने दोन राज्यांचे झाले. सोयरीक तुटली नाही, बोली तुटली नाही. आंध आणि परधान या आदिवासी समाजांच्या घरांतून मराठीच बोलली जात राहिली. तुटली ती दाद मागण्याची वाट.

पण ज्या दिवशी ही वाटणी अंमलात आली, त्याच दिवशी, म्हणजे 1 नोव्हेंबर 1956 रोजी, घटनेची सातवी दुरुस्तीही अंमलात आली, हे किती जणांना ठाऊक आहे? त्या दुरुस्तीने 350-अ आणि 350-ब ही दोन कलमे घटनेत आली. पहिले कलम सांगते की, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी प्रत्येक राज्याने पुरेशी सोय करावी आणि त्याकरिता राष्ट्रपतींना राज्यांस निर्देश देता येतील. दुसऱ्या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी नेमावयाचा आहे. त्याने संरक्षणांची चौकशी करून राष्ट्रपतींना अहवाल द्यावा आणि तो अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जावा, अशी योजना आहे. ज्या हाताने तालुका कापला, त्याच हाताने हे वचन लिहून दिले. हे ऋण आहे, आणि ऋणको दिल्लीत बसलेला आहे.

येथे एक खाचखळगा ध्यानात घेतला पाहिजे. “आमच्या गावच्या शाळेत मराठी शिक्षक का नाही?” असा भाबडा प्रश्न लोकसभेत टाकला, तर शाळा चालविणे हे राज्याचे काम आहे, असे सांगून केंद्रीय मंत्री हात झटकतील. तोच प्रश्न घटनेच्या कलमावर उभा करा. कलम 350-अ खाली तेलंगणाला आजवर कोणते निर्देश दिले? आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी शाळांविषयी विशेष अधिकाऱ्याने काय नोंदविले? त्याच्या शिफारशींवर कोणती कारवाई झाली? आता मंत्रिमहाशयांना पळवाट उरत नाही, कारण त्या अधिकाऱ्याचे कार्यालय केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाच्याच अखत्यारीत आहे. प्रश्न तारांकित असला तर उत्तर तोंडी द्यावे लागते आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित असला तर लेखी उत्तर कायमचे दप्तरी राहते. दोन्ही आपल्या कामाचे.

“पण आमचा खासदार कोठे आहे?” असे कोणी विचारील. त्यावर आमचे उत्तर असे की, मतदारसंघाची वेस ही प्रश्नाची वेस नव्हे. बॅरिस्टर नाथ पै 1957, 1962 आणि 1967 अशा तिन्ही निवडणुकांत कोकणातील राजापूरहून निवडून गेले. पण गोव्याची मुक्ती असो वा बेळगावचे दुःख असो, ते त्यांनी आपले मानले. 17 जानेवारीच्या हुतात्मा दिनासाठी आलेल्या या लोकप्रतिनिधीने 18 जानेवारी 1971 रोजी बेळगावातच देह ठेवला. पुण्याचे मधू लिमये तर 1964 साली बिहारमधील मुंगेरहून लोकसभेत गेले आणि कामकाजाच्या नियमांवरील त्यांच्या प्रभुत्वाचा धाक मंत्र्यांना वाटे. तेव्हा महाराष्ट्रातून दिल्लीस गेलेल्या प्रत्येक मराठी खासदारावर सीमाभागाचा हक्क आहे, आणि तो आपण बजावला पाहिजे.

याचा अर्थ आदिलाबादच्या खासदारांस सूट द्यावी असा मुळीच नाही. 2024 साली येथून निवडून आलेले श्री. गोडम नगेश हे सत्तारूढ पक्षाचे आहेत. सत्तेतील सदस्याने आपल्याच मंत्र्याला अडचणीचे प्रश्न विचारू नयेत, अशी एक समजूत आहे. ती समजूत फिरोज गांधींनी 1957 सालीच खोटी ठरविली. आयुर्विमा महामंडळाने मुंधडांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे समभाग घेतले, त्याचा जाब या काँग्रेसच्या सदस्याने काँग्रेसच्याच सरकारला लोकसभेत विचारला. न्यायमूर्ती छागला यांची उघड चौकशी झाली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. सरकार त्यामुळे कोसळले नाही. उलट संसदेची अब्रू वाढली. सत्तारूढ बाकावरून आलेला प्रश्न विरोधकांच्या दहा भाषणांहून अधिक बोचतो, हे आमच्या खासदारांनी ध्यानी घ्यावे.

आणि प्रश्न भाषेचाच आहे असेही नाही. आदिलाबाद ही कापसाची पेठ. केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाखालील कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करते, परंतु कापसातील ओलावा बारा टक्क्यांवर गेला की गाडी परत फिरते. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये ठरला. तो भाव किती शेतकऱ्यांच्या हाती पडला? ओलाव्यापायी किती गाड्या परतल्या? आदिलाबादचा केंद्र सरकारचा सिमेंट कारखाना 1990 च्या दशकात बंद पडला. त्याच्या यंत्रांचे आणि जमिनीचे पुढे काय? हे प्रश्न तेलुगू शेजाऱ्याचेही आहेत. ते विचारताना शेजाऱ्याचा हात हाती घेण्यात आपले काहीच उणे होत नाही.

तथापि प्रश्न विचारून काम संपत नाही. “माहिती गोळा केली जात आहे”, “प्रस्ताव विचाराधीन आहे” ही मंत्रालयांची ठेवणीतली उत्तरे. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण उगाच पडलेली नाही. याच दुखण्यावर इलाज म्हणून लोकसभेने 1953 साली सरकारी आश्वासनांची समिती नेमली. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन सामान्यतः तीन महिन्यांत पुरे झाले पाहिजे. न झाल्यास ही समिती जाब विचारते. म्हणून उत्तर आले की त्याची तारीख लिहून ठेवा, तीन महिने मोजा आणि पुन्हा दार ठोठवा.

हे दार ठोठावणारा खासदार आकाशातून माहिती आणणार नाही. प्रश्नाची सूचना निदान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, आणि प्रश्नाला धार येते ती गावाने पुरविलेल्या आकड्यांनी. म्हणून बाजारहत्नूरच्या आणि बोथच्या तरुणांना आमचे सांगणे आहे की, एक वही घाला. शाळेत मराठी मुले किती, शिक्षकांच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, पाठ्यपुस्तके कोणत्या तारखेस आली, कापसाच्या किती गाड्या कोणत्या कारणाने परतल्या, हे त्या वहीत लिहा. अफवा लिहू नका, ऐकीव लिहू नका. खोटा निघालेला एक आकडा दहा खऱ्या आकड्यांना बुडवितो. ती वही आदिलाबादच्या खासदारांना द्या, आणि तिची नक्कल महाराष्ट्राच्या खासदारांनाही पाठवा.

विलीनीकरणाची मागणी आम्ही सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. परंतु सीमेचा निकाल लागेपर्यंत आज पहिलीत बसलेले मूल थांबणार नाही. त्याची चार वर्षे पाहता पाहता निघून जातील. 1956 च्या वचनाची वसुली त्या मुलासाठी आज करावयाची आहे. संसदेचे पुढील अधिवेशन भरेल तेव्हा त्या प्रश्नपत्रिकेत बाजारहत्नूरचे नाव छापलेले असावे, आणि त्याची तयारी बाजारहत्नूरने आजपासूनच करावी.