पावसाचे स्वागत पन्हळीने करा

मृगाची पहिली दमदार सर चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानावर कोसळते आणि पाणीटंचाईची चर्चा त्याच दिवशी संपते. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर असताना ज्या चर्चमध्ये पावसासाठी याचना झाली, तेथेच आता आभाराची प्रार्थना होते. ते योग्यच आहे. परंतु प्रार्थना चालू असताना त्याच चर्चच्या छपरावरचे पाणी धो धो वाहत अंगणातून गटाराला मिळते, त्याचे काय? मागितलेले दान दारी आल्यावर ओंजळ पुढे न करणे, याला आम्ही कृतज्ञता म्हणत नाही.

या दोन जिल्ह्यांत पाऊस कमी पडतो, हा समज आधी दूर झाला पाहिजे. वर्षाकाठी साधारण बाराशे मिलिमीटर व गडचिरोलीच्या पूर्वेस त्याहूनही अधिक पाऊस येथे होतो. मराठवाड्यातील शेतकऱ्याला हेवा वाटावा असे हे दान आहे. २०२० व २०२२ साली तर वैनगंगेच्या पुराने येथील गावे पाण्याखाली गेली. उलट २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटल्यामुळे चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रातील संच बंद ठेवावे लागले. महापूर आणि कोरडी घागर यांचे नाते आम्हांला जवळचे वाटते. जे पाणी अडत नाही, ते श्रावणात बुडवते आणि वैशाखात रडवते.

येथील पूर्वजांना हे कळत होते. गोंड राजवटीत झाडीपट्टीत गावोगाव तलाव झाले. कोहळी समाजाने त्यांच्या पाळी बांधल्या, पाट काढले, शेतकऱ्याने बांधात बोडी खोदली. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. तिच्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु तलाव सरकारचे झाले आणि गाळ मात्र कोणाचाच झाला नाही. आज ‘मामा तलाव’ या नावाने ओळखले जाणारे हे हजारो माजी मालगुजारी तलाव पूर्व विदर्भात आहेत, आणि त्यांतील कित्येक गाळाने व अतिक्रमणाने उथळ झाले आहेत.

उत्पत्तीच्या पुस्तकातील इसहाकाची गोष्ट आपल्या मुलांनाही ठाऊक असते. अब्राहामाच्या काळी खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजविल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा खणल्या आणि बापाने ठेवलेलीच नावे त्यांना दिली. आमच्या रानात पलिष्टी आले नाहीत. दुर्लक्षाने तेच काम चोख बजावले. इसहाक मात्र अजून यायचा आहे.

तलावाचा गाळ काढणे एका घराला झेपणारे नाही. स्वतःचे छप्पर झेपते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पन्नास चौरस मीटरच्या घरावर वर्षाला साठ हजार लिटर पडतात. पाचवा हिस्सा वाया गेला तरी अठ्ठेचाळीस हजार उरतात. पाच माणसांच्या पिण्याला व स्वयंपाकाला रोज चाळीस लिटर धरले, तर फेब्रुवारीपासून मृगापर्यंत साडेपाच हजार लिटरची टाकी पुरते. पहिल्या दोन-तीन सरींनी छप्पर धुऊन निघू द्यावे, मग पन्हळीचे तोंड वाळू-खड्यांच्या गाळणीतून टाकीकडे वळवावे. कवेलूचे वा टिनाचे छप्पर चालते; गवताचे नाही. पिण्यापूर्वी पाणी उकळावे. जागा वा पैसा नसेल, तर तेच गाळलेले पाणी अंगणातील विहिरीत सोडावे.

‘बोअर आहे, मग हा खटाटोप कशाला?’ असे विचारले जाते. बोअर पाणी निर्माण करीत नाही, साठलेले उपसते. शिवाय चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड अधिक असून दातांवर व हाडांवर त्याचे परिणाम दिसतात. छपरावरच्या पाण्यात ते नसते. ‘टाकीत डास होतील’ ही भीती मात्र रास्त आहे. मलेरियाने गडचिरोलीत किती घरे रडविली, हे आम्ही जाणतो. म्हणून टाकी घट्ट झाकलेली आणि प्रत्येक तोंडाला बारीक जाळी, ही अट कोणीही सैल करू नये.

‘सरकारने करावे’ हे उत्तर आम्ही अर्धेच मान्य करतो. तलावांचा गाळ काढणे हे शासनाचे कर्तव्य आहे व ते ग्रामसभेने ठणकावून मागावे. परंतु चर्च, शाळा, वसतिगृह, धर्मगुरुनिवास यांची छपरे सरकारची नाहीत. गावातील सर्वांत विस्तीर्ण छप्पर पुष्कळदा आपलेच असते. १९६२ साली चांदा मिशनचा स्वतंत्र कारभार सुरू झाला, तेव्हापासून केरळातून आलेले धर्मगुरू व धर्मभगिनी येथे सेवा करीत आहेत. त्यांच्याच केरळात, त्रिशूर जिल्ह्यात, छपराचे पाणी घरच्या विहिरीत सोडण्याची मोहीम उभी राहिली. तेथे साधले ते बल्लारपूर, राजुरा वा अहेरीस का साधू नये?

आमची मागणी साधी आहे. येत्या मृगापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या चर्चला पन्हळ लावावी, टाकी बांधावी वा विहीर भरावी, आणि उन्हाळ्यात ते पाणी जात-धर्म न विचारता शेजाऱ्याच्या घागरीतही पडू द्यावे. त्यानंतर पावसासाठी हात जोडले, तर ते हात रिकामे राहणार नाहीत.