बटणाची सजावट आणि खेळाडूचा खिसा

गेममधल्या बटणावर कर्सर नेला की ते उजळते, क्लिक केले की किंचित दबते, सोडले की टक् आवाज करून पूर्ववत होते. हे सारे कुणीतरी विचार करून ठरवलेले असते. गेम बनवण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या युनिटी या साधनात बटणाच्या पाच अवस्था आहेत: नेहमीची, उजळलेली, दाबलेली, निवडलेली आणि बंद. प्रत्येक अवस्थेचा रंग, चित्र किंवा हालचाल निर्मात्याला हवी तशी बदलता येते. ही मोकळीक हवीच. पण तिच्याकडे निव्वळ सजावट म्हणून पाहणे चुकीचे आहे. बटणाचा प्रतिसाद ही खेळाडूला दिलेली माहिती असते. ती खरी असलीच पाहिजे, आणि बटणामागे पैसे असतील तर अधिकच.

ही माहिती किती लवकर मिळावी, याचा ठोकताळा जुना आहे. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत प्रतिसाद आला तर माणसाला आपली कृती लगेच घडल्यासारखी वाटते, असे रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये आणि पुढे जेकब निल्सन यांनी १९९३ मध्ये मांडले. त्याहून उशीर झाला की बोट पुन्हा त्याच बटणावर जाते. दुसरा प्रश्न साधनाचा. कर्सर येताच उजळणे माऊसवर शक्य आहे, कारण क्लिकच्या आधीच कर्सर कुठे आहे ते संगणकाला कळते. साध्या फोनला मात्र बोट टेकेपर्यंत काहीच कळत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला. तिथे कंट्रोलरने एका बटणावरून दुसऱ्यावर जायचे असते. नवी मुंबईच्या गेमेटियनचा २०१६ सालचा ‘लुडो किंग’ लोक मुख्यतः फोनवर खेळतात. रायपूरच्या गुढियारीसारख्या घाऊक बाजाराच्या वस्तीतही खेळणाऱ्याच्या हाती बहुधा फोनच असतो. वस्तूची किंमत किंवा ‘यात पैसे जातील’ हा इशारा कर्सर नेल्यावरच दिसणार असेल, तर तो या खेळाडूपर्यंत पोचतच नाही.

बटणाच्या चुकीच्या रचनेची किंमत किती मोठी असू शकते, हे ‘फोर्टनाइट’ या गेमने दाखवले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२२ मध्ये तो बनवणाऱ्या एपिक गेम्सवर ठेवलेल्या आरोपांत बटणांची मांडणी केंद्रस्थानी होती. ती गोंधळात टाकणारी आणि ठिकठिकाणी वेगळी होती, एका दाबण्यात खरेदी होत होती. झोपी गेलेला गेम जागा करताना, गेम लोड होत असताना किंवा वस्तू नुसती पाहायला जाताना शेजारचे बटण दाबले गेले तरी पैसे कापले जात, असे आयोगाचे म्हणणे होते. कंपनीने ग्राहकांच्या परताव्यासाठी २४.५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. मुलांच्या खासगी माहितीच्या प्रकरणातला २७.५ कोटी डॉलरचा दंड वेगळाच.

यावर निर्माते म्हणतील की गेम ही कला आहे, बटणावर नियम लादले तर सगळे गेम सरकारी अर्जासारखे दिसतील. ही भीती अनाठायी आहे. ठिणग्या उडवा, सोनेरी कडा द्या, तबल्याचा ठेका वाजवा. त्याला हरकत कुणाची? हरकत आहे ती ‘घ्या’ बटण झगमगते आणि ‘नको’ फिकट राखाडी ठेवण्याला. खरेदी पुन्हा विचारून पक्की केली तर खेळाची लय मोडते, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण लय जपायची ती लढाईत, दुकानात नव्हे. शिवाय त्यावर साधा तोडगा आहे: बोट टेकताच नव्हे, तर उचलल्यावर कृती व्हावी. म्हणजे चुकून दाबलेल्या बटणावरून बोट बाजूला सरकवून सुटता येते. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या निकषांत २०१८ पासून हाच मार्ग सुचवलेला आहे. त्यासाठी छोट्या स्टुडिओलाही फारसा खर्च येत नाही.

तिसरा आक्षेप छत्तीसगडमध्ये हमखास येईल. भिलाईपर्यंत धागेदोरे पोचलेल्या महादेव सट्टा ॲपवर केंद्राला नोव्हेंबर २०२३ मध्ये बंदी घालावी लागली. अशा राज्यात बटणाच्या रंगाची चर्चा कशाला? सट्ट्याचे नुकसान मोठे आहे, यात वाद नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदाही केला. पण त्याचा रोख पैजेवर आहे. कायदेशीर गेममध्ये नाणी, पोशाख, हत्यारे विकताना बटण कसे वागते, हा ग्राहक संरक्षणाचा प्रश्न उरतोच. त्यासाठी नियम आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांचे १३ प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. खरेदीविषयी विचारताना ‘नाही’चा पर्याय फिकट ठेवणे हे त्यातलेच एक उदाहरण. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना अशा रचना तीन महिन्यांत स्वतः तपासायला सांगितले. हीच तपासणी भारतात वस्तू विकणाऱ्या प्रत्येक गेमला स्पष्ट शब्दांत लागू करावी. ‘घ्या’ आणि ‘नको’ सारख्याच ठळकपणे दिसावेत, किंमत दाबण्याआधी बटणावरच असावी आणि खरेदी एका स्पर्शात होऊ नये, एवढ्या तीन अटी पुरेशा आहेत. बाकी सारी सजावट खुशाल निर्मात्यांवर सोडावी.