पोराच्या राज्यशास्त्राचा ताळेबंद

आजची नोंद पिकाची नाही. पिकाचं सांगण्यासारखं फार नाहीच म्हणा. मे महिन्यातच पाऊस एवढा कोसळला की चाळीतला कांदा खालून ओल धरून बसलाय. सकाळपासून निवडतोय. निवडता निवडता घरात जो वाद चाललाय तोच इथं लिहून टाकतो.

धाकटी लेक यंदा बारावी आर्ट्स पास झाली. म्हणते, बी. ए. ला राज्यशास्त्र घ्यायचं. तिची आई म्हणते, एकदा घेतलं तेवढं पुरे नाही का झालं? कारण थोरल्यानं तेच केलंय. आणि त्याचं कर्ज अजून आमच्या मानेवर आहे.

मी दहावी पास माणूस. आमच्या वेळी त्याला नागरिकशास्त्र म्हणायचे, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचे. पण हिशेब मला येतो. कांद्याचा एकरी खर्च जसा वहीत लिहितो, तसा पोराच्या शिक्षणाचाही लिहिलाय.

थोरला २०१६ ला बारावी झाला. तीन वर्षं बी. ए., मग बाहेरून एम. ए. फी, पुस्तकं, पास, सगळं धरून बी. ए. ला ६४ हजार गेले आणि एम. ए. ला २१ हजार. म्हणजे ८५ हजार. पाच वर्षांचे. एवढ्यात बरी दुभती गाय येते. तेव्हा टोचलं नाही.

टोचलं ते पुढं. २०२१ च्या दिवाळीआधी पुण्याला गेला, एम.पी.एस.सी.ला. सदाशिव पेठेत कॉट, मेस, अभ्यासिका, किरकोळ, मिळून महिन्याला साडेदहा हजार. असे तीस महिने. ३ लाख १५ हजार. क्लासचे ८० हजार वेगळे. परीक्षांचे फॉर्म आणि जाण्यायेण्याचे १४ हजार. एकूण बेरीज ४ लाख ९४ हजार. त्यात दोन्ही पदव्यांचा वाटा जेमतेम सहावा. बाकीचे सगळे पैसे पदवी मिळाल्यानंतर वाट बघण्यात गेलेत.

हे मला वही लिहिल्यावर कळलं. तोवर गावात मीपण म्हणत होतो, राज्यशास्त्रानं घर बुडवलं. राज्यशास्त्रानं नाही बुडवलं. पोरगं साहेब होणार ही हौस माझी होती. मेव्हण्याच्या पोरीच्या लग्नात चार लोकांत मीच सांगत फिरलो, "दोन वर्षं थांबा, लाल दिव्याची गाडी दारात येईल." लाल दिवे २०१७ लाच काढलेत, तेही मला माहीत नव्हतं.

पैसे आणले कुठून, तर निम्मे दुधाचे नि कांद्याचे. उरलेल्यासाठी बायकोचं डोरलं नि पाटल्या ठेवून १ लाख २० हजार. सोसायटीचं पीककर्ज १ लाख ६० हजार उचललं कांद्याच्या नावावर, गेलं पुण्याला. हे लिहायला लाज वाटते, पण आपल्यातल्या किती जणांनी केलंय ते मला ठाऊक आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर बिनव्याजी पडतं. थकलं की व्याज लागलं. दरवर्षी मार्चमध्ये कुणाकडून तरी चार दिवसांसाठी पैसे घेऊन नवं-जुनं करायचं, असं चाललं होतं.

मग डिसेंबर २०२३ आला. सात-आठ तारखेला दिल्लीनं कांद्याची निर्यात बंद केली. ऑगस्टमध्ये ४० टक्के शुल्क लावलंच होतं. आमचा रांगडा कांदा नुकता निघायला लागलेला. चाकणच्या महात्मा फुले बाजारात भाव बघता बघता निम्म्यावर आला. आधी सांगितलं ३१ मार्चपर्यंत बंदी, मग पुढं ढकलली, उठली ती ४ मे २०२४ ला. आमचा कांदा तोवर विकून झाला होता. मार्चमध्ये सोसायटी भरता आली नाही, आणि पोराला मी फोन केला, "गादी गुंडाळ, ये घरी."

त्या रात्री पोरगं ओट्यावर बसून मला सांगत होतं, की ही बंदी संसदेत मतदान होऊन येत नाही. दिल्लीच्या एका खात्याचं परिपत्रक निघतं आणि दुसऱ्या दिवशी बंदरावर माल थांबतो. १९९२ चा कायदा, त्यात सरकारला दिलेला अधिकार, सगळं सांगितलं. मी तीस वर्षं कांदा करतोय. माझा भाव कुठल्या कागदावर ठरतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मुकाट ऐकत होतो. पण राग पण येत होता, की एवढं कळतं तर याला कुणी पगार का देत नाही?

आता तो एका कारखान्याच्या स्टोअरला आहे. कंत्राटदाराकडून, थर्ड पार्टी. हातात साडेसतरा हजार. त्याच्याबरोबरचा शाळेतला मित्र आय.टी.आय. फिटर, त्याला ओव्हरटाइम धरून एकोणीस-वीस पडतात. लोक म्हणतात, बघा, आय.टी.आय. वाला पुढं गेला. खरं आहे, तो २०१८ पासून कमावतो, त्याच्या बापानं सोनं ठेवलेलं नाही. पण तोही कायम नाही. त्यालाही सात महिन्यांनी ब्रेक मिळतो, परत दुसऱ्या कंत्राटदाराचं कार्ड गळ्यात. तळेगाव चौकात सकाळी सातला उभं राहून बघा, बसमध्ये डिप्लोमा, आय.टी.आय., बी. ए., एम. ए. एकाच रांगेत चढतात. पदवीनं पगारात काही फरक पडला नाही, फरक पडला तो डोक्यावरच्या कर्जात.

आणि परीक्षांचं गणित तरी बघा. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज दहा लाखांवर. एका जागेला दोनशेच्या वर पोरं. खुल्या वर्गाला फॉर्म हजार रुपयांचा. आमच्या सोडतीच्या योजनांतसुद्धा एवढी गर्दी नसते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता २०२५ पासून लेखी उत्तरांची झाली. तिची पद्धत बदलायची कधी, यावरून पोरं २०२३ ला पुण्यात रस्त्यावर बसली होती, आमचंही तिथंच होतं. खुल्या वर्गाला वयाची अट ३८. म्हणजे ३८ पर्यंत बाप पैसे पाठवू शकतो, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये.

पण एक गोष्ट वहीत लिहिता येत नाही. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या शिवारात एम.आय.डी.सी.च्या नोटिसा आल्या. लोक घाबरले, जमीन गेली म्हणून. एक एजंट गुंठ्याला पैसे मागत फिरत होता. थोरल्यानं नोटीस वाचली. म्हणाला, ही १९६१ च्या कायद्यातली ३२(२) ची आहे, यात तुमचं म्हणणं विचारलंय. जमीन घेतल्याची अधिसूचना ३२(१) ची असते, ती नंतर. आधी लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. रात्रपाळी करून आलेलं पोरगं, दोन दिवस मारुतीच्या देवळात बसून एकोणतीस हरकती लिहून दिल्या. मिळालं काय, तर चहा. आणि माझ्याशी बोलणं टाकलेले दोन भाऊबंद परत बोलायला लागले. याची रक्कम कुठल्या रकान्यात लिहू?

म्हणून माझं मत असं झालंय. पोरीनं राज्यशास्त्र घ्यावं. चाकण नाहीतर राजगुरुनगर, घरून जाऊन-येऊन. २०२४ ला सरकारनं मुलींना जी फी माफी दिली ती व्यावसायिक अभ्यासक्रमांची आहे, साध्या बी. ए. ला धरून चालू नका. पण ती फी आपल्याला झेपते. तीन वर्षं झाली की तीन वर्षांचं एलएल.बी. करायचं म्हणते, सी.ई.टी. देऊन. ते मला पटतं, कारण तलाठ्यापासून कोर्टापर्यंत आपल्याकडं कागद वाचणाऱ्याला काम आहे. परीक्षा द्यायच्या तर दोनदा, आणि त्याही काहीतरी कमवत. कॉट, क्लास, अभ्यासिका यासाठी सोसायटीचा पैसा आणि आईचं सोनं उचलायचं नाही. हे मी तिला सांगितलं तर म्हणते, "दादाला ही अट का नव्हती? मी पोरगी म्हणून?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. थोरलाच म्हणाला, "मला अट घातली असती तर मी दीड वर्ष आधी घरी आलो असतो."

बायको अजून गप्प आहे. तिची पावती सोनाराच्या पाकिटात कपाटात आहे, पोरगं पगारातून महिन्याला चार हजार भरतंय. ते सुटेपर्यंत तिचं मत मी विचारणार नाही, मला तो हक्क नाही.

शनिवारी कांदा चाकणला नेणार आहे, त्यातून प्रवेशाचे पैसे बाजूला काढतोय. आपल्या भागातल्या कुणाच्या लेकीनं बी. ए. नंतर एलएल.बी. केलं असेल तर खर्च किती आला ते कळवा. राज्यशास्त्राची जुनी पुस्तकं आमच्याकडं थोरल्याची आहेत, ती नव्यानं घ्यायची नाहीत.