एका म्यानात तीन तलवारी

गाणे, शिकवणे आणि हिशेब ही तिन्ही कामे करू पाहणाऱ्याला ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ हे हमखास ऐकवले जाते. मला ते पटत नाही. डॉ. वसंतराव देशपांडे यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात कितीतरी वर्षे नोकरी केली. १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’तले खाँसाहेब रसिकांपुढे आले ते त्यानंतर. पु. ल. देशपांडे शिक्षक झाले, प्राध्यापक झाले आणि चित्रपटांना संगीतही देत राहिले. यांना चिंध्या म्हणायचे काय?

अर्थात, त्या नोकरीने वसंतरावांच्या रियाजाचे किती तास खाल्ले, हेही विचारले पाहिजे. पण सगळे सोडून कलेत उडी घे, असे सांगणारे बहुधा पोट भरलेले असतात! आमच्या मुकुंदवाडीत चिकलठाण्याच्या कारखान्यातला पगार महिनाअखेर पुरत नाही. भिशी कोणत्या महिन्यात उचलायची हे अचूक ठरवणाऱ्या बायकांना अर्थनियोजन कोणी शिकवले? लवकर उचलली तर नड भागते, उशिरा उचलली तर बचत होते. गवयालाही हे भान हवे. लग्नसराईच्या बिदागीवर त्याला पावसाळा काढायचा असतो. म्हणून संगीताच्या विद्यार्थ्यांसाठी अर्थशास्त्राच्या सरांनी आठवड्यातून एक तास द्यावा, एवढीच मागणी आहे.