“नेट आलं की करते, मॅडम”

मागच्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या कॉलेजात तीन दिवस नेट नव्हतं. वीज होती, लॅबमधली सगळी मशिनं चालू होती, उबुंटू होतं, कंपायलर होता. तरी दुसऱ्या वर्षाची मुलं हाताची घडी घालून बसलेली. एकीचा सीचा प्रोग्रॅम अडला होता. आकडा मागितल्यावर कुणी अक्षर दाबलं, की स्क्रीनभर तीच ओळ पळत सुटायची. “नेट आलं की करते, मॅडम,” ती म्हणाली.

तिला टर्मिनलवर ‘मॅन’ (म्हणजे मॅन्युअल) आणि पुढे आकडा वाचणाऱ्या फंक्शनचं नाव ‘स्कॅनएफ’ टाइप करायला लावलं. पान उघडलं आणि तिचा चेहरा उतरला, एवढं इंग्रजी! म्हटलं, वरपासून वाचू नकोस. तिरकी रेघ दाब आणि ‘रिटर्न व्हॅल्यू’ शोध. तिथे लिहिलेलं असतं, की किती किमती नीट वाचून साठवल्या तो आकडा स्कॅनएफ परत देतं. पहिलीच जुळली नाही तर शून्य. तो आकडा तिने कधी तपासलाच नव्हता. नको असलेलं अक्षर जागचं हलत नव्हतं आणि लूप पुन्हा पुन्हा त्यालाच धडकत होता. दहा मिनिटांत तिचं तिनेच दुरुस्त केलं. मग विचारलं, “यातून बाहेर कसं पडायचं?” क्यू दाबायचा. हेही आम्ही शिकवलेलं नाही.

ही पानं काही नवी नाहीत. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. त्यातही ‘बग्ज’ असा मथळा होता, म्हणजे आपल्याच कामातल्या खोडी लिहायची जागा. आमच्या क्रमिक पुस्तकांत असा मथळा मी अजून शोधते आहे.

मॅन्युअलही कधीकधी चकवतं. नुसतं ‘मॅन प्रिंटएफ’ म्हटलं तर शेलच्या कमांडचं पान येतं. सीचं फंक्शन हवं तर मध्ये ३ लिहावा लागतो. हा आकडा मॅन्युअलच्या विभागाचा: पहिला विभाग कमांडचा, दुसरा कर्नेलच्या कॉल्सचा, तिसरा लायब्ररीचा. एवढं फळ्यावर लिहायला दोन मिनिटं पुरतात. आमच्या दोन मशिनांवर तर तिसऱ्या विभागाची पानंच नव्हती, कारण ‘मॅनपेजेस-डेव्ह’ हे पॅकेज कुणी टाकलंच नव्हतं.

पायथनमध्ये आणखी सोपं. प्रॉम्प्टवर ‘हेल्प’ लिहून कंसात फंक्शनचं नाव द्यायचं. मुख्य म्हणजे ही माहिती त्या मशिनवरच्याच आवृत्तीची असते. नेटवरून उचललेला बिनकंसाचा ‘प्रिंट’ घेऊन मुलं अजून माझ्याकडे येतात. तो पायथन २ मधला, आणि पायथन २ चा सांभाळ १ जानेवारी २०२० ला थांबला.

इंग्रजी कठीण आहे हे खरंच. पण मॅन्युअलचे शब्द मोजके, पुन्हा पुन्हा तेच येणारे. मराठी माध्यमातली मुलं दहा-बारा पानांत सरावतात, हे मी पाहिलं आहे.

तरी प्रॅक्टिकलच्या परीक्षेत आम्ही काय करतो? जर्नल पाठ करून आलेल्या मुलांकडून प्रोग्रॅम उतरवून घेतो. तेव्हा लॅबवाल्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती: पुढच्या परीक्षेला नेट खुशाल बंद ठेवा, मॅन्युअल उघडं ठेवा, आणि व्हायवात एवढंच विचारा, “हे तुला कुठल्या पानावर सापडलं?”