घाई म्हणजे वेग नव्हे

बेळगावहून एका शिक्षकबंधूंचे पत्र आले आहे. वय सेहेचाळीस, वजन पासष्ट किलो, धावण्याचा छंद सहा वर्षांचा. गेल्या जानेवारीत मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये ते धावले. पहिले अर्धे अंतर त्यांनी १ तास ५६ मिनिटांत कापले. उरलेल्या अर्ध्याला २ तास ३२ मिनिटे लागली. एकूण वेळ ४ तास २८ मिनिटे. शेवटची रेषा ओलांडताच ते खाली बसले, आणि तेथील वैद्यकीय तंबूत त्यांना तासभर पडून राहावे लागले. "येत्या जानेवारीत मला चार तासांच्या आत यावयाचे आहे. अधिक वेगाने धावण्यासाठी काय करावे, ते कृपया कळवावे," असे ते लिहितात.

पत्राच्या तळाशी निराळ्या अक्षरांत दोन ओळी आहेत. "हे तंबूत होते तेव्हा आमची मुलगी बाहेर रडत उभी होती. यांना हा नाद सोडावयास सांगा, एवढीच विनंती."

एकाच कागदावर दोन विनंत्या आल्या आहेत आणि दोहोंना उत्तर देणे प्राप्त आहे. सुदैवाने दोहोंचे उत्तर बरेचसे एकच आहे, म्हणून प्रस्तुत लेखात त्या शिक्षकबंधूंचेच उदाहरण घेऊन हा विषय मांडीत आहे. हैदराबाद, बडोदे, गोवे येथील आमच्या वाचकांतही आता पुष्कळजण पहाटे धावू लागले आहेत. त्यांनाही तो उपयोगी पडावा.

प्रथम एक जुनी हकीकत सांगतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ५,००० व १०,००० मीटरच्या शर्यती जिंकून मॅरेथॉनसाठी उभा राहिला. हे अंतर तो आयुष्यात प्रथमच धावत होता. त्याच्या शेजारी होता इंग्लंडचा जिम पीटर्स, त्या वेळचा सर्वांत वेगवान मॅरेथॉन धावपटू. पीटर्सने आरंभीच जोरदार गती धरली. ही गती ठीक आहे काय, असे झाटोपेकने त्याला विचारले, आणि पीटर्सने ती फारच मंद असल्याचे सांगितले, अशी आख्यायिका आहे. पुढे पीटर्सच्या पायांत गोळे आले व सुमारे ३२ किलोमीटरवर त्याला शर्यत सोडावी लागली. झाटोपेक २ तास २३ मिनिटे ३ सेकंदांत पहिला आला.

पीटर्स हा सामान्य धावपटू नव्हता. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, २ तास २० मिनिटांच्या आत मॅरेथॉन पुरी करणारा तो पहिला मनुष्य ठरला. परंतु ऑगस्ट १९५४ मध्ये व्हँकुव्हर येथे, कडक उन्हात, तो पुन्हा तसाच धावला. क्रीडांगणात शिरला तेव्हा दुसऱ्या धावपटूपेक्षा तो सुमारे सतरा मिनिटे पुढे होता. शेवटची काही शे पावले तेवढी उरली होती. तेथे तो पडला, उठला, पुन्हा पडला. सुमारे अकरा मिनिटे तो असा झुंजत राहिला आणि अखेर रेषेपर्यंत पोहोचू शकला नाही. त्यानंतर तो कोणत्याही शर्यतीत उतरला नाही. त्याच्या धैर्याविषयी कोणालाच शंका नव्हती; चुकला होता तो खर्चाचा हिशेब.

हा हिशेब समजून घेतला पाहिजे. मनुष्य धावतो तेव्हा दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे, सुमारे एक कॅलरी ऊर्जा खर्च होते. पासष्ट किलोच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरसाठी म्हणजे जवळजवळ २,७०० कॅलरी लागतात. स्नायूंत व यकृतात साठविलेली साखर, जिला ग्लायकोजेन म्हणतात, सर्वसाधारणपणे २,००० कॅलरींच्या आसपास पुरते. उरलेला भार शरीरातील चरबीने उचलावयाचा असतो. चरबीचा साठा मुबलक, पण ती जळते सावकाश. गती जितकी अधिक, तितका शरीराचा भर साखरेवर अधिक. म्हणून आरंभी अंगात जोर आहे म्हणून जो धावत सुटतो, तो आपली साखर पहिल्या वीस किलोमीटरांतच उधळून टाकतो. मग तीस-बत्तीस किलोमीटरच्या सुमारास पाय शिशाचे होतात. धावपटू याला भिंत म्हणतात. पगार झाल्यावर पहिल्या आठवड्यात सढळ हाताने खर्च करणाऱ्या घरात महिनाअखेरीस जे होते, तेच येथेही होते.

आता आमच्या शिक्षकबंधूंकडे वळू. अर्ध्या मॅरेथॉनमधील त्यांची सर्वोत्तम वेळ, त्यांच्याच पत्राप्रमाणे, १ तास ५८ मिनिटे आहे. पूर्ण मॅरेथॉनचा पहिला अर्धा भाग त्यांनी १ तास ५६ मिनिटांत धावला. म्हणजे केवळ अर्धेच अंतर धावावयाचे असते तरी जी गती त्यांना आजवर साधली नव्हती, ती त्यांनी पूर्ण शर्यतीच्या आरंभी धरली! भिंत त्यांची वाटच पाहत होती.

पीटर रीगल नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९७७ साली एक सोपे सूत्र मांडले. अंतर दुप्पट झाले की वेळ दुपटीहून थोडी अधिक, सुमारे २.०८५ पट होते. या सूत्राने १ तास ५८ मिनिटांचे ४ तास ६ मिनिटे होतात. तेही सराव परिपूर्ण असेल, हवा थंड असेल आणि रस्ता सपाट असेल तर. चार तासांत येण्यासाठी अर्ध्या मॅरेथॉनची वेळ आधी १ तास ५५ मिनिटांवर आली पाहिजे. तेव्हा येत्या जानेवारीचे ध्येय ४ तास १० मिनिटे ठेवावे, आणि चार तासांचा विचार त्यापुढील वर्षी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सराव कसा करावा? न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाचे शिष्य १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये चमकले. पीटर स्नेलने ८०० मीटरमध्ये व मरे हालबर्गने ५,००० मीटरमध्ये सुवर्णपदक मिळविले, तर बॅरी मॅगीने मॅरेथॉनमध्ये कांस्य. विशेष हे की, ८०० मीटर धावणाऱ्या स्नेललाही लिडियार्डने आठवड्याला शंभर-शंभर मैल, बहुतांशी बेताच्या गतीने, धावावयास लावले होते. दमसासाचा पाया आधी रुंद करावयाचा, त्यावर वेगाची इमारत चढवावयाची, हे त्याचे तत्त्व. आपणांस शंभर मैल नकोत. तत्त्व मात्र घ्यावे.

शर्यतीआधीचे सोळा ते अठरा आठवडे सरावाला द्यावेत. आठवड्यातील बहुतेक धावणे, पाचांतील चार हिस्से म्हटले तरी चालेल, इतके सावकाश असावे की सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता यावे. आठवड्यातून एक दिवस जलद धावावे: वीस ते चाळीस मिनिटे, ज्या गतीत दोन-चार शब्दांपलीकडे बोलणे होत नाही अशा गतीने. एक दिवस लांब पल्ला ठेवावा. तो पंधरा-सोळा किलोमीटरपासून हळूहळू अठ्ठावीस ते तीस किलोमीटरपर्यंत न्यावा, आणि अखेरच्या दोन-तीन लांब पल्ल्यांत शेवटचे आठ-दहा किलोमीटर शर्यतीच्या गतीने धावावे. थकलेल्या पायांनी ठरलेली गती राखणे, ही मॅरेथॉनची खरी विद्या आहे. दर चौथा आठवडा हलका ठेवावा. शेवटचे दोन ते तीन आठवडे अंतर क्रमाने कमी करावे. त्या दिवसांत आपण आळशी झालो असे वाटून कासावीस होऊ नये. शरीर तेव्हा दुरुस्तीचे काम करीत असते.

खाण्यापिण्याचाही सराव करावा लागतो. शर्यतीत दर तासाला तीस ते साठ ग्रॅम साखर पोटात गेली पाहिजे. एका मध्यम केळ्यात सुमारे पंचवीस ग्रॅम असते, यावरून अंदाज यावा. जे घ्यावयाचे ते लांब पल्ल्याच्या दिवशी आधी घेऊन पाहावे. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. अति पाण्याने रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या खाली जाते, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

आणि आता शर्यतीचा दिवस. ४ तास १० मिनिटांसाठी दर किलोमीटरला सरासरी ५ मिनिटे ५५ सेकंद लागतात. पहिले पाच किलोमीटर ६ मिनिटे ५ सेकंदांच्या गतीने जावे. शेकडो लोक पुढे निघून जातील, जाऊ द्यावेत. तेथून तिसाव्या किलोमीटरपर्यंत ५ मिनिटे ५५ सेकंद. त्यानंतर बळ असेल तर ५ मिनिटे ५० सेकंद. बेरीज ४ तास साडेनऊ मिनिटांच्या आसपास येते. या हिशेबाने अर्धे अंतर २ तास ५ मिनिटे ४० सेकंदांनी पुरे होईल. म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा जवळजवळ दहा मिनिटे उशिरा. आणि शेवटी मात्र ते अठरा मिनिटे लवकर पोहोचतील. मंद आरंभाचा हा लाभ कागदावर मांडल्याशिवाय पटत नाही, म्हणून आकडे दिले.

मनगटावरच्या घड्याळापेक्षा रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांवर विश्वास ठेवावा. मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेला असतो, आणि वळणावळणांवर आपण थोडे अधिकच धावतो. चढावर गती राखण्याचा हट्ट धरू नये, श्रम सारखे ठेवावेत; मुंबईचा पेडर रोड परतीच्या वाटेवर, पाय थकल्यावर येतो, हे त्यांस अनुभवाने ठाऊक असेलच. हवा दमट वा उष्ण असेल तर ध्येयात पाच-दहा मिनिटांची सूट आधीच द्यावी.

हे केवळ आमच्यासारख्यांचे शास्त्र आहे, असे कोणी समजू नये. २०१८ साली बर्लिन येथे एलिउड किपचोगेने २ तास १ मिनिट ३९ सेकंदांचा उच्चांक केला, तेव्हा त्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्याहून जलद होता. २०२३ साली शिकागोत केल्विन किप्टमने २ तास ३५ सेकंदांचा नवा उच्चांक केला. पहिला अर्धा ६० मिनिटे ४८ सेकंद, दुसरा ५९ मिनिटे ४७ सेकंद. आपल्या देशातही शिवनाथ सिंग यांनी १९७८ साली जालंधर येथे २ तास १२ मिनिटांची जी वेळ नोंदविली, ती चाळीस वर्षांहून अधिक काळ कोणा भारतीयाला मोडता आली नाही.

असो. आता त्या दोन ओळी लिहिणाऱ्या भगिनींना. ताई, त्यांना धावणे सोडावयास मी सांगणार नाही. परंतु सरावाला आरंभ करण्यापूर्वी त्यांनी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी, हा आग्रह आपण जरूर धरावा. धावताना छातीत दुखले, घेरी आली वा बोलण्यात गोंधळ झाला, तर तत्क्षणी थांबावयाचे, असे वचनही त्यांच्याकडून घ्यावे. आणि जानेवारीत आपण व मुलीने शेवटच्या रेषेपाशी उभे न राहता शक्य तर तिसाव्या किलोमीटरच्या आसपास उभे राहावे. तेथे त्यांचा चेहरा पाहिला की सारे कळेल. मुलीशी दोन शब्द बोलून, हसून ते पुढे गेले, तर हिशेब बरोबर चालला आहे असे समजावे. तिच्याकडे पाहण्याचेही भान नसेल, तर पुढचे अंतर चालत जा, असे तिनेच त्यांना सांगावे. शिक्षक विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, पण मुलीचे तो ऐकतो.

शर्यतीनंतर दोघांनीही पुन्हा लिहावे. वेळ किती लागली, हे तर कळवावेच. पण तंबूत जावे लागले नाही, ही बातमी मला अधिक आवडेल.