आधी कोंबडी की आधी फ्लॅट?

परवा शनिवारी कर्जत लोकल पकडून मित्राच्या ‘सेकंड होम’ला गेले. बाल्कनीसमोर हिरवागार डोंगर, हातात चहा, सगळं कसं ब्रोशरमधल्यासारखं! तेवढ्यात वारा फिरला आणि पलीकडच्या पोल्ट्रीचा वास थेट कपात उतरला.

मित्र वैतागला. ‘‘सोसायटीचा अर्ज तयार आहे. ही शेड हललीच पाहिजे.’’

‘‘शेड कधीची रे?’’

‘‘आमच्या आधीची. पण म्हणून काय?’’

आता गंमत बघा. पोल्ट्री निवासी भागापासून ५०० मीटर लांब हवी, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. बरोबरच आहे. पण हे अंतर पाळायचं पोल्ट्रीवाल्याने. शेडशेजारी नंतर टॉवर उभा राहिला तर? बिल्डरने किती लांब राहायचं, यावर त्या सूचना गप्प!

मुंबईने हे सगळं करून पाहिलंय. शहरातले म्हशींचे तबेले हलवायला १९४९ मध्ये आरे कॉलनी वसवली. पुढे शहर तिच्याही चारी बाजूंना पसरलं. १९७६ मध्ये शहरी भागात गुरं पाळायला परवाना लावणारा राज्याचा कायदा आला. मग तबेल्यांना पार दापचरीचा रस्ता दाखवण्यात आला. आता कर्जत-खोपोलीला नगरपरिषदा आहेत, खालापूरला नगरपंचायत. हद्द सरकते, आणि कालचा गोठा आज ‘उपद्रव’ ठरतो.

वास खोटा नाही हं. माश्याही खोट्या नाहीत. पण शेडमधलं लिटर कोरडं ठेवलं, खत झाकलं, मेलेल्या कोंबड्यांची वेळच्या वेळी विल्हेवाट लावली, तर दोन्ही बरंच आवरतं. पालिकेने आधी हे करून घ्यावं, हलवायचं नंतर बघावं. आणि नव्या इमारतीला परवानगी देताना शेजारी काय आहे, तेही विचारावं. ब्रोशरमध्ये स्विमिंग पूल दाखवता, मग शेडही दाखवा की! मित्राच्या डोक्यावर ईएमआय आहे, तसं शेडवाल्याच्याही डोक्यावर कर्ज असणारच.

बरीच वादावादी झाली. शेवटी अर्जातलं ‘शेड हलवा’ खोडून मित्राने ‘खत झाका’ लिहिलं. सोसायटी मानेल का, देव जाणे.

रात्री टेरेसवर बार्बेक्यू होता. चिकन? अहो, समोरचंच. एकदम फ्रेश!